नदी देवी नाही. मग ती आपली कोण?

धम्मदीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा उतरविणे एका दिवसाचे काम असते. मनातील देव्हारा उतरण्यास वेळ लागतो. मावळातील नवदीक्षित कुटुंबांना हे नदीच्या बाबतीत विशेष जाणवते. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी, आणि दोन्हीला जोडणारी इंद्रायणी. सुदुंबरे गावी संत संताजी जगनाडे यांची समाधी आहे. गावाजवळची सुधा नदीही पुढे इंद्रायणीलाच मिळते. या मुलखात पिढ्यान् पिढ्या ऐकलेले एकच : नदीत बुडी मारली की पाप धुतले जाते. असे ऐकत वाढलेल्या उपासकाने त्रिशरण-पंचशील घेतले आणि नदी त्याची देवी राहिली नाही. मग ती त्याची कोण?

कित्येक जण म्हणतात, 'कोणी नाही. नदी म्हणजे वाहते पाणी. तिची काळजी सरकार घेईल.' हे उत्तर बुद्धिवादी वाटते. पण ते धम्माचे उत्तर आहे काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम पावित्र्याचा विचार करू. थेरीगाथेत पुण्णिका थेरीची कथा आहे. ती पूर्वी दासी होती आणि पाणी भरणे हे तिचे काम होते. कडाक्याच्या थंडीत नदीत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने मुक्ती मिळत असेल, तर बेडूक, कासव आणि मगरी सर्वांच्या आधी स्वर्गात जावयास नकोत काय? शिवाय पाणी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही नेईलच! जिने उभे आयुष्य पाणी वाहिले, तिलाच पाण्याची खरी पारख होती.

पावित्र्याच्या कल्पनेने पाण्याचे तरी भले केले काय? दिनांक २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' करून घेतले. तळ्यावर जनावरे पाणी पीत होती, तेव्हा ते बाटले नाही. माणूस प्याला तेव्हा बाटले! त्या तळ्यावरील हक्क मुंबई हायकोर्टात शाबित होण्यास १९३७ साल उजाडले. आणि आज ज्या इंद्रायणीला तीर्थ म्हणतात, तिच्यावर आळंदीस गेली काही वर्षे रासायनिक फेसाचे थर तरंगताना लोकांनी पाहिले आहेत. म्हणजे पावित्र्याने माणसाला न्याय दिला नाही आणि पाण्याला स्वच्छताही दिली नाही.

पावित्र्य गेले म्हणून कर्तव्यही गेले, असे मात्र होत नाही. उलट, खरे कर्तव्य येथूनच सुरू होते. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला : हे आहे म्हणून ते आहे. हा सिद्धांत नदीइतका स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे डोंगरात उगम पावते आणि तुळापूरला भीमेस मिळते. डोंगरमाथ्यावर झाड असेल, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि उन्हाळ्यात खालच्या विहिरीत उतरते. झाड गेले, की तेच पाणी माती घेऊन धावत सुटते. पावसाळ्यात पूर येतो आणि वैशाखात हंडा रिकामा राहतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या या साऱ्या टापूला पाणलोट म्हणतात. पाणलोटात कोणी सुटा नाही. वरच्याचे कर्म खालच्याच्या घागरीत उतरते. त्यासाठी पुनर्जन्माची वाट पाहावी लागत नाही.

आता पंचशीलातील दुसरे शील घ्या. न दिलेले घेणार नाही, असे आपण रोज म्हणतो. परक्याच्या खिशात हात घालणे ही चोरी, हे मुलालाही कळते. पण वरच्या गावाने खालच्या गावाचा विचार न करता पाणी उपसणे, कारखान्याने नदीत विष सोडून दुसऱ्याचे निर्मळ पाणी हिरावणे, एकाने खोल बोअर घेऊन शेजारच्या वस्तीची विहीर आटविणे, याला काय म्हणावे? मालकाने न दिलेले घेणे म्हणजे अदिन्नादान होय. आणि पाण्याचे मालक तर सर्वच आहेत.

मावळला हा प्रश्न नवा नाही. १९१५ साली टाटांच्या जलविद्युत योजनेने लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे वळविले. जे पाणी पूर्वेस भीमेकडे जावयाचे, ते पश्चिमेस गेले. पुढे पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी उठले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा बळी गेला. त्यांत एक स्त्री होती. शहरालाही तहान आहे आणि गावालाही आहे. दोन्ही तहाना खऱ्या असताना निवाडा कसा करावयाचा?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत यांत शोधले नाही. त्यांनी ते रोहिणी नदीच्या पाण्यात दाखविले. शाक्य आणि कोलीय यांच्यात त्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव आणला आणि सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोन्ही पक्षांनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचविले. बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने परिव्रज्या पत्करली. बलवानाने पाणी घ्यावे हा न्याय त्याने नाकारला. दोन्ही काठांनी एकत्र बसावे, हा त्याचा मार्ग होता.

बाबासाहेबांनी हा मार्ग राज्यकारभारातही आणला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे व वीज यांचे धोरण त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजना त्यांनी पुढे नेल्या. नदी प्रांताच्या सीमा मानीत नाही, म्हणून सबंध खोरे हाच कारभाराचा घटक धरावा, अशी त्यांची दृष्टी होती.

येथे आपल्यापैकी कोणी रागाने विचारील, 'ज्यांना शतकानुशतके पाण्याला शिवू दिले नाही, त्यांनाच आता पाणी जपण्याचा उपदेश? ज्यांनी नासविले त्यांना सांगा!' हा राग न्याय्य आहे. पाणलोटाच्या कामावर चर खोदणारे, दगड वाहणारे हात बहुधा भूमिहीनांचे असतात. पाणी मात्र ज्याची जमीन त्याच्या विहिरीत चढते. मजुरी संपली की मजूर पुन्हा कोरडा. असल्या जलसंधारणात समता नाही, आणि त्याला धम्मकार्य म्हणता येणार नाही.

पण याला तोड आहे आणि ती आपल्याच पुणे जिल्ह्यात निघाली. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा की, पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावे : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. चवदार तळ्यावर जो हक्क माणूस म्हणून मागितला, तोच येथे शेताच्या पाटात उतरला आहे.

म्हणून आपले कर्तव्य दुहेरी आहे. ग्रामसभेत पाणलोटाची योजना आली, की बौद्ध वस्तीने पहिला प्रश्न विचारावा : मुरलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती? आणि त्याच ग्रामसभेत झाड लावण्यास, गाळ काढण्यास पहिला हातही आपला असावा. निर्माल्य आणि राख नदीत सोडण्याची जुनी चाल आपल्या घरातून संपूर्ण जावी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यासच आहे. पुरात बुडणाऱ्याला काढताना जवान त्याची जात विचारीत नाही. जे पुरात शक्य आहे, ते दुष्काळात टँकरभोवती का शक्य होऊ नये?

संयुत्त निकायात भगवंतांना विचारले आहे की, कोणाचे पुण्य रात्रंदिवस वाढते? जे झाडे लावतात, पूल बांधतात, पाणपोई आणि विहिरी देतात त्यांचे, असे उत्तर त्यांनी दिले. नदीला हात जोडून हे पुण्य मिळत नाही. खालच्या काठावर जो तहानलेला उभा आहे, त्याचा विचार करून आपण आपली घागर भरतो की नाही, यावर ते अवलंबून आहे. नदी देवी नाही. ती आपल्याला त्या माणसाशी जोडणारे नाते आहे, आणि ते नाते स्वच्छ ठेवणे हे शीलाचे काम आहे.