पायांचा आवाज

गेल्या चातुर्मासातली दुपार. एका कामासाठी भालकीला गेले होते. काम झालं नाही, उद्या या म्हणाले. उन्हातान्हात बसनं मेहकरला परत आले. दाराची कडी काढली, चपला सोडल्या आणि आत गेले. सूनबाई खाली बसून मेथी निवडत होती. मी दिसण्याआधीच ती उठून उभी राहिली. मांडीवरची जुडी खाली पडली, खांदे वर ओढले गेले, मान खाली गेली.

मी तिला एक शब्दही बोलले नव्हते. तिच्यावर रागावलेही नव्हते. राग भालकीतल्या त्या टेबलामागच्या माणसावर होता. पण तो माझ्या पायात उतरला होता, कडीच्या आवाजात उतरला होता आणि तिथून थेट तिच्या खांद्यांत गेला. ते उचललेले खांदे मी ओळखले, कारण तीस वर्षांपूर्वी ते माझेच होते. आमच्या आत्याबाईंची पावलं ओसरीवर वाजली की मीही अशीच उठायची.

मनातलं शरीरात उतरतं, हे आपल्या भाषेला पहिल्यापासून माहीत आहे. दुःखात पाय जड होतात, भीतीनं हातपाय गळतात, गर्वानं मान ताठते, माहेरून निघताना पाय निघत नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चालण्यावर वेगळा अध्यायच आहे. कोणत्या रसात पात्रानं कसं पाऊल टाकावं ते त्यात सांगितलं आहे. चार्ल्स डार्विननं 1872 मध्ये माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना शरीरावर कशा उमटतात यावर पुस्तक लिहिलं. पुढे 1973 मध्ये योहान्सन नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं दाखवलं, की अंधारात फक्त सांध्यांवरचे प्रकाशाचे ठिपके हलताना दिसले तरी बघणारा क्षणात ओळखतो की माणूस चाललाय. आपल्या सुनांना ठिपकेसुद्धा लागत नाहीत. त्यांना आवाज पुरतो.

मग प्रश्न पडतो तो असा. राग आला आणि पाय आपटले गेले, तर त्यात माझा दोष किती? शिंक यावी तसा तो आला, असं म्हणता येईल का? मी स्वतःला पुष्कळ वर्षं हेच सांगत आले. ‘माझ्या मनात काही नसतं, नुसता आवाज मोठा आहे,’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणी म्हणतो!

पण एक गोष्ट आठवली आणि हे समाधान टिकलं नाही. आमचे मामंजी होते तोवर त्यांच्यासमोर मी कधी भांडं आदळलं नाही. राग तेव्हाही येत होता, उलट जास्तच येत होता. ते पडवीत बसलेले असले की तांब्यासुद्धा अलगद ठेवायची. त्यांची पाठ वळली की मात्र तोच तांब्या पोरांसमोर दणकन खाली. म्हणजे शरीराला थांबता येत होतं. कुणासमोर थांबायचं आणि कुणासमोर नाही, हे त्याला चांगलं कळत होतं. माझा राग नेहमी उताराकडे वाहिला.

आपण पाणी गाळून पितो, रात्री जेवत नाही, मुंगी दिसली तर पाय उचलून घेतो. मुनिमहाराज चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. आपण त्यांना नमस्कार करतो आणि म्हणतो, हे त्यांचं व्रत, आपल्या संसारी बायकांना कुठं जमणार! पण आपल्या धर्मानं मन, वचन आणि काया ही तीन दारं सांगितली आहेत. कर्म तिन्हीतून आत येतं. तोंडानं बोलले नाही म्हणून कायेचं दार बंद राहत नाही. किडामुंगी वाचवत चालणाऱ्या पायांनी घरातल्या माणसाचा जीव दचकवला, तर ती ईर्या अपुरीच राहिली.

इथं माझी लेक मला अडवते. ती म्हणते, “आई, बायकांना आणखी हळू चालायला सांगू नकोस. पायाचा आवाज येऊ देऊ नको, जोरात हसू नको, हेच ऐकत मोठ्या झालो.” तिचं खरं आहे. मीसुद्धा हळू चालायचे, पण ती अहिंसा नव्हती, ती भीती होती. बाहेरून दोन्ही पावलं सारखीच दिसतात. मग फरक ओळखायचा कसा? मला वाटतं, नजर कुठं आहे त्यावरून. भीतीनं हळू चालणारी वर बघते, मोठ्यांच्या कपाळावर आठी आहे का ते. करुणेनं हळू चालणारी खाली बघते, आपल्यापेक्षा लहान कुणी पायाखाली येतंय का ते. लेकीला मी सांगितलं, मोठ्यांसमोर तू ठणठणीत चाल. धाकट्यांसमोर जपून.

दुसरा आक्षेप ढोंगाचा. आत राग आणि बाहेर मऊ पाऊल, ही माया नव्हे का? यावर मला बाहुबली आठवतात. ही कथा आपल्याच भागातली म्हणायला हवी. नवव्या शतकात राष्ट्रकूटांची राजधानी असलेल्या मळखेडला, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यात, अमोघवर्षाचे गुरू जिनसेनाचार्य होते. त्यांच्या आदिपुराणात ती आहे. मल्लयुद्धात बाहुबलींनी भरताला वर उचललं, पण आपटलं नाही. त्या क्षणी मनातलं सगळं निवळलं होतं असं नाही. आधी हात थांबले. मग ते वर्षभर निश्चल उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी आपल्यामुळे भरताला क्लेश झाला ही एक सल आत राहिलीच. भरत येऊन नतमस्तक झाला तेव्हा ती गेली आणि केवलज्ञान झालं. श्रवणबेळगोळच्या सत्तावन्न फुटी मूर्तीसमोर उभं राहिलं की ते खाली सोडलेले हात मी आता वेगळ्या नजरेनं बघते. शरीर थांबवणं म्हणजे ढोंग नव्हे. ढोंग तेव्हा, जेव्हा शरीर थांबलं म्हणून मनही शुद्ध झालं असं आपण लोकांना, आणि स्वतःला, भासवतो.

दशलक्षण पर्व संपलं. क्षमावणीला मी सगळ्या गणगोताला फोन करून क्षमा मागितली. ते सोपं असतं. कशाबद्दल ते सांगावं लागत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात सुनेला म्हटलं, “माझ्या पायांच्या आवाजाबद्दल क्षमा कर.” ती गोंधळली. “असं काय म्हणताय आई,” म्हणाली आणि कणकेत पाणी जास्त घातलं. पुढं कुणीच काही बोललं नाही.

ती अजून उठते. तीन वर्षांची सवय तीन महिन्यांत जात नाही, माझी तर तीस वर्षांची आहे. मी आता दारात चपला सोडून क्षणभर थांबते. बाहेरचा राग तिथं संपतोच असं नाही. पण आत गेल्यावर आधी मी खाली बसते, तिच्या शेजारी, आणि मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढते.