टाळलेला शब्द

बोरिवलीला जायचे असता 'ब' ओठांवर अडेल या धास्तीने कांदिवलीचे तिकीट मागणारी माणसे आपल्या धर्मग्रामांतही आहेत. तोतरेपणा आपण कानांनी मोजतो. शब्द बदलून निसटलेला मनुष्य आपल्या हिशेबात येतच नाही. त्याच्या या निसटण्याला असत्य म्हणावे काय? संत ऑगस्टीन यांच्या मते असत्याला फसविण्याचा हेतू लागतो. येथे हेतू लपण्याचा आहे. यात पाप दिसत नाही. किंमत मात्र आहे.

ती किंमत जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकी ओळखली. ते स्वतः अडखळत असत. तोतरेपणाला त्यांनी हिमनगाची उपमा दिली: ऐकू येते ते थोडे, पाण्याखाली भय, लज्जा आणि अपराधभाव. शब्द टाळला की क्षणभर सुटका होते, आणि त्या सुटकेपोटीच पुढच्या वेळचे भय वाढते. शिवाय सगळेच शब्द बदलता येत नाहीत. स्वतःच्या नावाला पर्याय कोठून आणावा?

चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) हेही तोतरेच. त्यांनी रुग्णांना सुकरपणे अडखळायला शिकविले. शब्द अडला तर तो पुरा करावा, थांबावे, आणि तोच शब्द सैल ओठांनी पुन्हा म्हणावा. सराव झाला की शब्द अडलेला असतानाच जोर सोडून त्यातून बाहेर यावे. पुढे तर भीतीचा शब्द येण्याआधीच त्याचा आरंभ हळुवार करावा. सोप्या शब्दावर मुद्दाम अडखळण्याचाही एक सराव आहे. ऐकायला विचित्र खरे. परंतु जे आपणहून उघड केले ते लपवावे लागत नाही.

मोशेने जड जिभेची सबब सांगितली तेव्हा परमेश्वर रागावला, आणि तरीही त्याने अहरोन सोबत दिला (निर्गम, अध्याय ४). ती सवलत होती. ओघवत्या वाणीच्या अहरोनाला पुढे लोकांना नकार देता आला नाही, आणि सोन्याचे वासरू घडले. 'अनुवाद' ग्रंथातील प्रदीर्घ भाषणे मोशेच्याच मुखी आहेत. ती त्याने कशी उच्चारली असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आपण स्वतः अहरोन होण्यास फार उत्सुक! अडखळणाऱ्याचे वाक्य आपणच पुरे करतो, रविवारच्या मिस्सातील वाचनातून त्याला दयेने वगळतो. त्याला विचारतही नाही. स्वित्झर्लंडमधील सेंट गालनच्या मठात नोटकर नावाचे बेनेडिक्टाइन मठवासी उपासनेसाठी गीते रचीत; ९१२ साली ते निवर्तले. ख्रिस्तसभा त्यांना धन्य मानते, आणि 'बाल्बुलुस', म्हणजे तोतरा, हे विशेषण आजही त्यांच्या नावाला जोडलेले आहे.