वाचून दाखवणारं कुणीतरी हवं

आजची वाचने: नहेम्या 8:2-10, लूक 1:1-4, 4:14-21



आज सामान्य काळातला तिसरा रविवार. पोप फ्रान्सिस यांनी 30 सप्टेंबर 2019 रोजी, संत जेरोमच्या सणादिवशी, हा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून नेमून दिला. त्यामुळे आज घराघरात बायबलचा विषय निघतो, आणि तरुण आईबाबांचा एक प्रश्न हमखास येतो: "मुलांसाठी कुठली कॅथोलिक पुस्तकं घ्यावीत?" प्रश्न चांगला आहे. पण आजचं पहिलं वाचन त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारतं. घेतलेलं पुस्तक मुलाला वाचून कोण दाखवणार?

नहेम्यातला प्रसंग बघा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेममध्ये पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलेत. सातव्या महिन्याचा पहिला दिवस. एज्रा शास्त्री खास बांधलेल्या लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. समोर पुरुष आहेत, स्त्रिया आहेत आणि ऐकून समजू शकतील असे सगळे आहेत. म्हणजे समजत्या वयाची पोरंसुद्धा.

मिस्सेत आज सातवं वचन वगळतात, कारण ती बहुतेक नावांचीच यादी आहे. घरी गेल्यावर ते मुद्दाम उघडा. येशूवा, बानी, शेरेब्या अशी 13 नावं आहेत. एज्रा वाचत होता तेव्हा ही माणसं आणि बाकीचे लेवी लोकांना अर्थ समजावून देत होते.

आयटीत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. प्रोजेक्टवर नवा माणूस आला की आपण त्याला डॉक्युमेंटची लिंक पाठवतो. नुसत्या लिंकवर काम जमत असतं तर केटी नावाचा प्रकारच नसता. कुणीतरी शेजारी खुर्ची ओढून बसतं, स्क्रीनवर बोट ठेवून "हे असं का केलंय" ते सांगतं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकते. एज्राने ग्रंथ आणला. केटी दिली ती त्या 13 जणांनी.

अर्थ सांगायची गरज का पडली असेल? पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की बंदिवासानंतर लोकांच्या तोंडी अरामी भाषा बसली होती आणि शास्त्राची हिब्रू त्यांना सहज कळत नव्हती. खुद्द नहेम्यातच 13व्या अध्यायात एक बोलकी नोंद आहे: काही घरांतली निम्मी मुलं अश्दोदी बोलायची, त्यांना यहूदी भाषा येतच नव्हती. तेव्हा नहेम्या काय करतो? त्यांच्या बापांवर भडकतो, काहींना मारतो, केस उपटतो!

घरातली भाषा बदलली की मोठ्यांना दोन रस्ते सुचतात. एक 13व्या अध्यायातला: चिडायचं. दुसरा 8व्या अध्यायातला: शेजारी बसायचं आणि अर्थ सांगायचा. आजच्या मिस्सेसाठी ख्रिस्तसभेने दुसरा निवडलाय.

हे आपल्या घरात आणून बघू. माझं आजोळ उजनी धरणाच्या पाण्याकाठी, करमाळा तालुक्यात आहे. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आजीचं जुनं गावही असंच पाण्यात गेलं. नवीन वस्तीवर चर्च नाही, फादर यायचे ते कधीमधी. म्हणून दिवेलागणीला घरात जे वाचन व्हायचं तीच आमच्या माणसांची ख्रिस्तसभा. आजोबा वाचायचे, मुलं ऐकायची, आजी चुलीपाशी बसून चुका काढायची. तिच्या पत्र्याच्या पेटीत मोठ्या अक्षरांचा नवा करार, जपमाळ आणि 'निरोप्या'चे जुने अंक अजून आहेत.

यंदा नाताळात आम्ही तिकडे गेलो. माझी मुलगी सहा वर्षांची, पुण्यात इंग्रजी मीडियमला. सोबत तिचं इंग्रजी चित्रांचं बायबल होतं. पणजीला इंग्रजी येत नाही आणि मुलगी देवनागरी अजून अक्षर जुळवून वाचते. दोघी ओसरीवर बसल्या आणि मला मध्ये बसवलं. पान उघडलं ते नोहाच्या तारवाचं.

"पणजी, सगळं गाव बुडालं?"

"बुडालं की."

"मग लोकांना आधी कळलं नाही?"

"आमाला तर नोटीस आली व्हती, बाळा. तरी माणसं शेवटपतोर म्हणायची, पाणी एवढं वर येत न्हाई."

मग तिने चित्राकडे डोळे बारीक करून पाहिलं. चित्रात नोहा स्वतः तारवाचं दार ओढून घेत होता. आजी म्हणाली, "हे चुकलंय. दार नोहानं न्हाई लावलं. देवानं लावलं." मी उत्पत्तीचा 7वा अध्याय काढला. 16व्या वचनात अगदी तसंच आहे.

मुलीने त्या दिवशी जे ऐकलं ते त्या सुंदर छापलेल्या पुस्तकात नव्हतं. ते आजीत होतं. पण पुस्तक उघडलं नसतं तर आजीतून ते बाहेरही आलं नसतं. आणि मधे 'आर्क' म्हणजे तारू, 'फ्लड' म्हणजे जलप्रलय असं सांगणारं कुणी नसतं, तर एकीचं दुसरीपर्यंत पोचलं नसतं. मित्रांनो, त्या 13 जणांचं काम आज आपल्या पिढीकडे आहे. आपल्याला आजीची मराठी कळते आणि मुलांची इंग्रजीही. आपल्या मुलांना दोन्ही येतील याची खात्री कोण देणार? आपण हा दुवा सोडला तर एका पिढीत तुटेल.

ख्रिस्तसभेला हे काम नवं नाही. ज्यांच्या सणादिवशी आजच्या रविवाराची घोषणा झाली त्या संत जेरोमनी सन 403च्या सुमारास लायता नावाच्या आईला तिच्या लहानग्या पावलाच्या शिक्षणाबद्दल पत्र लिहिलं. ते सांगतात, तिला लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरं करून दे, त्यांच्याशी खेळू दे, खेळता खेळता शिकू दे. जोडायला शब्द द्यायचे तेही संदेष्ट्यांच्या आणि प्रेषितांच्या नावांचे. पवित्र शास्त्रात सुरुवात स्तोत्रांपासून. आणि वर बजावतात की मूल तुमच्या शब्दांपेक्षा तुमच्या वागण्यातून जास्त शिकेल. 1600 वर्षांपूर्वीचं हे पत्र आजच्या पालकांना लिहिल्यासारखं वाटतं.

आपल्या मराठीतही हा वारसा मोठा आहे. इंग्लंडहून 1579 साली गोव्यात आलेले जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 साली रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं. जवळजवळ 11,000 ओव्या. ग्रंथाच्या सुरुवातीलाच प्रसंग आहे: जुनी पुराणं सुटली, आता आम्हाला तशी वाचायला काही द्या, अशी मागणी पाद्रीगुरूकडे येते. फादरांनी लोकांच्या ओठांवर असलेला छंदच घेतला. ओवी एकट्याने मनात वाचायची नसते. ती म्हणायची असते, चार माणसांत ऐकायची असते. 1903 साली जर्मन जेज्वीट फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला, तो खेड्यापाड्यांतल्या घरांपर्यंत गेला. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' दिलं. नावातच सुबोध! आठव्या अध्यायातल्या लेव्यांचं काम हेच.

म्हणून पुस्तक कुठलं घ्यायचं यावर माझं उत्तर साधं आहे. इंग्रजीही घ्या, मराठीही घ्या, पण तुम्ही स्वतः वाचून दाखवाल असं घ्या. या आठवड्यात तीन गोष्टी करून बघू:

1. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. एकच गोष्ट, मोठ्याने. तीच गोष्ट रोज मागितली तरी वाचा, कंटाळा मुलांना येत नाही, आपल्याला येतो.

2. आठवड्यातून एकदा गावाकडे व्हिडिओ कॉल करून तीच गोष्ट आजी-आजोबांना मराठीत सांगायला लावा. मधे अडलं तर तुम्ही आहातच.

3. जपमाळेचं एक दशक इंग्रजीत आणि एक मराठीत म्हणा. 'नमो मरिया' मुलांच्या कानावरून गेलं पाहिजे. अर्थ उद्या कळेल, आवाज आज बसेल.

आता शुभवर्तमानाकडे. येशू नासरेथला येतो, जिथे तो लहानाचा मोठा झाला. आपल्या रिवाजाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो, यशयाची गुंडाळी उघडतो आणि हवी ती जागा शोधून काढतो. 'रिवाजाप्रमाणे' या शब्दावर थांबा. देवाचा पुत्र असूनही तो एका घरात वाढला. त्या घरात आणि त्या गावात कुणीतरी त्याच्यासमोर वाचत होतं.

तीमथ्याचंही तसंच. त्याचा बाप ग्रीक, आई यहूदी. म्हणजे घरात दोन भाषा, दोन जगं. तरी संत पौल त्याच्या विश्वासाचं मूळ शोधतो तेव्हा दोन नावं घेतो: आजी लोईस आणि आई युनीके. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं आणि आईवडिलांना मुलांसाठी विश्वासाचे पहिले घोषक मानलं. पदवी मोठी आहे, काम मात्र रोजच्या दहा मिनिटांचं आहे.

पाणीवेशीसमोर लोक ऐकता ऐकता रडू लागले. त्यांना सांगितलं गेलं: रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्याला वाटा पाठवा. देवशब्द समजला की त्याचा शेवट असा होतो, जेवणात आणि वाटून खाण्यात. आज वाचन झाल्यावर मुलांना काहीतरी गोड द्या. वाटीभर शेजारीही पाठवा.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तुझा शब्द आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या आजी-आजोबांबद्दल, आईवडिलांबद्दल आणि धर्मगुरूंबद्दल तुझे आभार. दोन भाषांच्या मधे बसलेल्या आम्हाला धीर दे, वेळ दे आणि रागाऐवजी शब्द दे. आमच्या मुलांना तुझा आवाज ओळखता येऊ दे, मग तो कुठल्याही भाषेत का येईना. आमेन.