अपत्य कोणाचे?

‘मूल आमचे आहे, त्याचे काय करावयाचे ते आम्ही पाहू’ हे वाक्य आपल्या समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात विचार करण्याजोगे काही आहे असे कोणास वाटत नाही. शेजाऱ्याने हटकले, शिक्षकाने सुचविले, आजोबांनी समजाविले, की हेच उत्तर ठरलेले. परंतु यातील ‘आमचे’ हा शब्द कोणत्या अर्थाने घ्यावयाचा? शेत आमचे, घर आमचे, गोठ्यातील गाय आमची, त्याच अर्थाने मूलही आमचे काय? अपत्यसंगोपनाविषयी जे असंख्य उपदेश केले जातात, त्यांच्या मुळाशी हा एक प्रश्न आहे. आणि येथेच चूक झाली तर पुढचे सारे उपदेश व्यर्थ होत.

उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. देवळाच्या कारभारात ते आपल्या नित्य परिचयाचे आहे. हिंदू कायद्यात देवता ही स्वतंत्र व्यक्ती मानली आहे. देवाच्या नावे जमीन असते, दागिने असतात, दावेही चालतात. पण देव सही करीत नाही, न्यायालयात बोलत नाही. म्हणून कायदा त्यास अनेक बाबतींत अज्ञान बालकासारखा समजतो आणि त्याचा कारभार विश्वस्ताच्या हाती देतो. गोव्यातील देवस्थानांत १९३३ च्या नियमावलीप्रमाणे हे काम महाजनांकडे असते. महाजन कितीही मानकरी असला, तरी देवाचा मुकुट मोडून आपल्या घरी ताटे करता येत नाहीत, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

या संदर्भात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे आलेला कलकत्त्याच्या मलिक कुटुंबाचा खटला मननीय आहे. वाद घरातील देवाचा होता. आपल्या पूजेच्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी नेण्याचा हक्क एक वहिवाटदार सांगत होता. दुसऱ्यांचा त्यास विरोध होता. निर्णय असा झाला की, मूर्ती ही हवी तशी हलविण्याची जंगम चीज नव्हे. तिची इच्छाही विचारात घेतली पाहिजे. आणि भांडणाऱ्या पक्षांखेरीज एखादा निःस्वार्थ वादमित्र नेमून त्याच्या मुखाने तिचे म्हणणे ऐकले पाहिजे.

पाषाणाच्या वा धातूच्या मूर्तीस जो मान आपण देतो, तो हाडामांसाच्या बालकास देतो काय? पतिपत्नींचे बिनसले की मूल कोणाकडे राहावे यावर वाद होतो, तेव्हा दोन्हीकडून ‘माझा हक्क’ हे शब्द शंभरदा ऐकू येतात. मुलाची झोप, शाळा, सवंगडी यांचा उच्चार क्वचितच होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने मात्र तेराव्या कलमात स्पष्ट सांगितले की, पालक नेमताना अज्ञानाचे हित हीच सर्वोच्च बाब होय. याच कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकता येत नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून अपत्यांचा निम्मा हिस्सा राखीव आहे. कायद्याने सांगितलेल्या कारणांवाचून, केवळ रोषापायी, बापाला तो हिरावून घेता येत नाही. सारांश, मालकीचा अर्थ कायद्याने केव्हाच नाकारला आहे. घरात मात्र तो नांदतो आहे.

विश्वस्ताची कर्तव्ये तीन सांगता येतील. पहिले, ठेवीतून स्वतःचा लाभ करू नये. बापाला जी पदवी मिळाली नाही ती मुलाने मिळवावी, आईचे राहिलेले गाणे मुलीने पुरे करावे, ही इच्छा मायेच्या वेषात येते. पण तिच्यात लाभ कोणाचा? ज्याचा हात मृदंगावर आपोआप पडतो त्यास वडिलांच्या मानासाठी यंत्रशाळेत कोंबणे हा विश्वासाचा भंग होय. दुसरे, ठेव झिजू देऊ नये. मागेल ते पुरविणारा, झोपेची वेळ न पाळणारा, रडणे थांबावे म्हणून हाती यंत्र देणारा पालक प्रेमळ दिसतो. वस्तुतः तो हिशेब न पाहणाऱ्या विश्वस्ताइतकाच दोषी आहे. तिसरे, ज्याची ठेव आहे त्याचे म्हणणे ऐकावे. १९८९ च्या बालहक्क संहितेत, जी भारताने १९९२ साली मान्य केली, मुलाचे मत त्याचे वय व समज पाहून विचारात घ्यावे असे म्हटले आहे. ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. पण ‘नाही’ म्हणताना कारण सांगितलेले मूल आणि नुसती थप्पड खाल्लेले मूल यांच्या मनांत जे उरते, ते एक नसते. शाळांतील शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी केली. जे शिक्षकास वर्ज्य ते आईबापांस भूषण कसे ठरावे?

येथे कोणी म्हणेल, पाच वर्षे लाड, पुढे दहा वर्षे ताडन, असे आपल्या जुन्या सुभाषितातच सांगितले आहे. खरे आहे. परंतु त्याच सुभाषिताची अखेर सोळाव्या वर्षी पुत्राशी मित्रासारखे वागावे अशी आहे. आम्ही मधले चरण पाठ केले आणि शेवटचे विसरलो. दहा वर्षे केवळ भीती पेरली तर सोळाव्या वर्षी मैत्री कोठून उगवावी?

देव आणि बालक यांत एक भेद मात्र आहे, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच. देवाचे अज्ञानत्व संपत नाही. बालक अठराव्या वर्षी सज्ञान होते. देवाचा विश्वस्त पिढ्यान्पिढ्या राहतो. अपत्याच्या विश्वस्तास हिशेब देऊन उठावयाचे असते. म्हणून संगोपनाची खरी कसोटी मुलाचे आज्ञापालन नव्हे. आपल्यावाचून त्याचा विवेक चालतो की नाही, ही होय. पैशाचा व्यवहार, स्वतःचे अन्न शिजविणे, चूक कबूल करणे, नकार पचविणे, या गोष्टी वर्षावर्षाने त्याच्या हाती देत गेले, तर सुपूर्दीच्या दिवशी दोघांसही धक्का बसत नाही. ज्यांनी अठरा वर्षे किल्ल्या कमरेस लावून ठेवल्या, त्यांचे मूल वयाने सज्ञान होते, वृत्तीने नव्हे.

मग अपत्य कोणाचे? ते त्याचे स्वतःचे आहे. काही वर्षे ते आपल्या हाती सोपविले आहे, एवढेच. देवाच्या दागिन्यांना हात लावताना आपण हात धुतो आणि वहीत नोंद करतो. तेवढी सावधगिरी मुलावर आवाज चढविण्यापूर्वीही असावी.