जॅझ, कीर्तन आणि नाममुद्रा

‘प्रेरणा’ ही संज्ञा मराठी समीक्षेत बहुधा निर्दोष मानली जाते. प्रभाव, अनुकरण, उचल या संज्ञा वापरताना समीक्षक सावध असतो. पुरावा मागतो, प्रमाण ठरवतो. एखाद्या कवीला वा चित्रकाराला परक्या कलेपासून प्रेरणा मिळाली, असे म्हणताना मात्र ही सावधगिरी गळून पडते. त्या विधानात गौरव असतो, ऋणाचा हिशेब नसतो. जॅझचा अन्य कलांशी आलेला संबंध तपासू लागले की या निर्दोषपणाविषयी शंका येऊ लागते. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या आणि तरीही अवमानित राहिलेल्या कृष्णवर्णीय समाजाने घडवलेल्या या संगीताने विसाव्या शतकातील कविता, कादंबरी, चित्रकला आणि चित्रपट यांना नवनिर्मितीची वाट दाखवली. ज्यांनी ती वाट घेतली त्यांच्यावर काही बंधन येते काय? प्रेरणा घेणे ही केवळ मानसिक घटना आहे, की नैतिक कृतीही?

जॅझपासून काय घेतले जाते, याचे सर्वसाधारण उत्तर ‘स्वातंत्र्य’ असे दिले जाते. लँगस्टन ह्यूजने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोंटाज ऑफ अ ड्रीम डिफर्ड’मध्ये हार्लेममधील जीवन बीबॉपच्या तुटक, अकस्मात वळणाऱ्या लयीत मांडले. जॅक केरुअकने ‘मेक्सिको सिटी ब्लूज’ (१९५९) लिहिताना स्वतःला जॅझकवी मानले. युद्धकाळात न्यूयॉर्कला आलेल्या मोंद्रियानने तेथील बूगी-वूगीच्या ठेक्यातून १९४२-४३मध्ये ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ रंगवले. त्याच्या जुन्या काळ्या रेषांच्या जागी रंगीत चौकोनांची धडधड आली. या तिघांनाही जॅझमध्ये मोकळेपणा दिसला, हे खरे. पण जॅझमधील मोकळेपणा हा बंधनाभाव नव्हे. मात्रांचे आवर्तन ठरलेले असते, स्वरसंगतींचा क्रम ठरलेला असतो आणि मुख्य म्हणजे सहवादक समोर असतात. एकल वादन करणारा जे वाजवतो ते ऐकून पियानोवादक आणि ढोलवादक आपला प्रतिसाद बदलतात, आणि तो बदल ऐकून एकलवादकाला आपले पुढचे पाऊल बदलावे लागते. उच्चारलेला स्वर परत घेता येत नाही. चुकलाच तर पुढच्या स्वराने त्याला अर्थ द्यावा लागतो. उत्स्फूर्तता येथे उत्तरदायित्वाचेच दुसरे नाव आहे.

मराठी वाचकाला हे समजून घेण्यासाठी न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाण्याची गरज नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी तालुक्यात भगवानगडासारखे वारकरी कीर्तनाचे मोठे पीठ आहे. वारकरी कीर्तनाचा रूपबंध पाहावा. एक अभंग निरूपणासाठी घेतला जातो. मागे टाळकरी आणि मृदंगवादक उभे असतात. कीर्तनकार एखाद्या चरणापासून दूर जातो, दृष्टांत सांगतो, समोरच्या श्रोत्यांचा कल पाहून विस्तार वाढवतो किंवा आवरता घेतो. टाळकरी चाल उचलून धरतात, मृदंग त्याचे वाक्य जेथे संपते तेथे त्याला गाठतो. कितीही दूर गेले तरी मूळ चरणावर परतणे सुटत नाही. संहिता सर्वांना ठाऊक असते, तरी त्या रात्रीचे निरूपण पुन्हा तसेच होत नाही. ज्ञात सूत्रावर, सहकाऱ्यांच्या साक्षीने, त्या क्षणी करावयाची निर्मिती हे जॅझचे आणि कीर्तनाचे समान अंग आहे.

हे साम्य एका टप्प्यावर थांबते आणि प्रस्तुत प्रश्न तेथेच सुरू होतो. अभंग कोणीही गावा, कोणत्याही चालीत गावा. त्यावर मालकी नाही. तरीही शेवटच्या चरणात कवीचे नाव उच्चारावेच लागते. कीर्तनकार आपल्या म्हणण्याला आधार म्हणून जी प्रमाणे देतो, तीही संतांच्या नावासह येतात. नाममुद्रा हा केवळ रचनेचा अलंकार नसून ती एक नीती आहे: वापर मुक्त, पण नामोच्चार अनिवार्य. जॅझच्या व्यवहारात नेमके याच्या उलट घडले. कोलमन हॉकिन्सने ऑक्टोबर १९३९मध्ये ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले, तेव्हा मूळ चाल त्याने जेमतेम सूचित केली. उरलेले सारे वादन त्याची स्वतःची निर्मिती होती. कायद्याच्या लेखी मात्र त्या कृतीचा संगीतकर्ता १९३० साली ती चाल बांधणारा जॉनी ग्रीनच राहिला. लिहिलेल्या चालीला संरक्षण होते, वाजवता वाजवता सुचलेल्या संगीताला नव्हते. स्वरसंगतींचा क्रमही कोणाच्या मालकीचा नव्हता. म्हणूनच चार्ली पार्करला १९४५ साली ‘चेरोकी’ या गाण्याच्या स्वरसंगतींवर ‘को-को’ उभारता आले. कायद्यातील ज्या पोकळीने जॅझला मोकळीक दिली, तिनेच त्याच्या निर्मात्यांना अनाम ठेवले.

मराठी मुलखात जॅझ दोन वाटांनी आले, आणि या दोन्ही वाटांवर हाच प्रश्न उभा आहे. पहिली वाट मुंबईची. १९३५ साली लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. अशा वादकांना ऐकत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. गोव्यातील चर्चच्या शाळांतून त्यांना स्वरलिपी अवगत झालेली होती. म्हणून हिंदी चित्रपटसृष्टीला त्यांची गरज भासली. ज्या जिल्ह्यात पाथर्डी आहे त्याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या पुणतांबे येथे १९१८ साली जन्मलेले रामचंद्र चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांनी हा संबंध सर्वांत समृद्ध केला. लुई आर्मस्ट्राँगला आदर्श मानणारा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनिओ शाव्हियेर वाझ, त्यांचा सहकारी होता. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ या गाण्यात कोकणी शब्द मिसळले आहेत. श्रेयनामावलीत बहुतेक गोमंतकीय वादकांना स्थान नव्हते, आणि तरीही त्यांची भाषा गाण्यात उमटून गेली. तिला अजाणतेपणी उमटलेली नाममुद्रा म्हणता येईल. पुढे १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मधील एका गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर घुमले. त्या नावाचे व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू होते. नाव घरोघर पोचले, परंतु त्या नावाच्या माणसाने कोणते काम केले, हे ते गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

दुसरी वाट पुस्तकांची. ‘अस्मितादर्श’सारख्या नियतकालिकांच्या परिसरात आणि जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथातून कृष्णवर्णीय साहित्याचा विचार मराठीत रुजला. १९६६ साली ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथरचे नाव १९७२ साली मुंबईत दलित पँथरने उघडपणे घेतले. येथे ऋण लपवलेले नाही. नाव हेच ऋणाचे निवेदन आहे. ज्या साहित्याशी हे नाते जोडले गेले, त्यात ह्यूज होता, राल्फ एलिसन होता, जेम्स बाल्डविन होता; या तिघांच्याही लेखनात जॅझ आणि ब्लूज मुरलेले आहेत. तरीही त्या संगीताचा विचार मराठी चर्चेत क्वचितच झाला. निषेध पोचला, त्याचा ताल पोचला नाही. चित्रपटाच्या वाटेने याच्या विपरीत घडले: ताल आला, त्यामागील अवमानाची स्मृती मागे राहिली. दलित कवितेला आपला ताल बाहेरून आणावा लागला नाही, हेही नोंदवले पाहिजे. आंबेडकरी जलशांची परंपरा आणि वस्त्यांतील बोली तिच्याजवळ होतीच. पण एकाच अनुभवाचे दोन तुकडे दोन निरनिराळ्या वर्गांपर्यंत पोचले आणि ते एकमेकांना भेटले नाहीत, ही मराठी संस्कृतीच्या इतिहासातील एक हानी होय.

यावर सौंदर्यवादी आक्षेप सहज संभवतो. मर्ढेकरांच्या सौंदर्यशास्त्रात कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या संघटनेत असते. ती सामग्री कोठून आली, हा प्रश्न तेथे अप्रस्तुत ठरतो. या आक्षेपात तथ्य आहे. मातीसच्या १९४७च्या ‘जॅझ’ या चित्रसंचातील बहुतेक विषय सर्कशीचे व रंगभूमीचे आहेत. जॅझचे केवळ नावच तेथे आहे, असेही म्हणता येईल. त्यामुळे ती चित्रे उणी ठरत नाहीत. ऋण मान्य केल्याने सामान्य कृती श्रेष्ठ होत नाही आणि अमान्य केल्याने श्रेष्ठ कृती सामान्य होत नाही. परंतु यातून एवढेच सिद्ध होते की सौंदर्यमूल्य आणि नैतिक मूल्य ही एकमेकांत विरघळत नाहीत. दुसरा प्रश्न विचारूच नये, असे सिद्ध होत नाही. शिवाय जॅझच्या बाबतीत ही विभागणी फार ताणताही येत नाही. इतरांना ऐकणे हाच जेथे रूपबंधाचा पाया आहे, तेथे ऐकलेल्याचे नाव न घेणे म्हणजे रूप घेऊन त्याचा पायाच नाकारणे होय.

या प्रश्नाचा पाथर्डीशी असलेला संबंध कीर्तनापुरता मर्यादित नाही. याच तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भरते; ‘भटक्यांची पंढरी’ म्हणून ती ओळखली जाते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून भटक्या-विमुक्त जमाती तेथे जमत आल्या आहेत. या जमातींच्या आणि एकूणच लोककलावंतांच्या वाद्यांचे ठेके, पदे आणि हावभाव नागर रंगभूमीने, चित्रपटाने आणि कवितेने अनेकदा घेतले. त्यांची नोंद ‘लोकपरंपरा’ या एका सामूहिक शब्दाने झाली. एखादा ठेका विशिष्ट हातांनी बदललेला असतो, एखादी ओळ विशिष्ट कंठात घडलेली असते. ‘लोक’ म्हटले की ते हात आणि तो कंठ दोन्ही पुसले जातात. न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिकेवरील अनाम ढोलवादक आणि मढीच्या यात्रेत हलगी वाजवणारा कलावंत यांचा इतिहास एक नाही. पण त्यांच्या अनामतेची रीत एकच आहे.

मराठी सर्जनशीलतेने जॅझपासून काय घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून केवळ मुक्तछंद, तुटक लय वा मिश्र वाद्यमेळ पुढे करणे अपुरे आहे. घ्यावयाची ती ऐकण्याची शिस्त. तिचा पुढचा टप्पा, म्हणजे नामोच्चार, जॅझच्या बाजारपेठेने पाळला नाही. वारकरी परंपरेने तो शेकडो वर्षे पाळला. परक्या संगीताने कवीला, चित्रकाराला वा संगीतकाराला जागे करावे आणि त्या जागे होण्याची नीती त्याने आपल्या परंपरेतून शोधावी, अशी ही देवाणघेवाण होऊ शकते. ज्याचे नाव ठाऊक आहे त्याचे नाव घेणे आणि ज्याचे ठाऊक नाही त्याचे शोधू लागणे, एवढ्या दोन साध्या कृतींनी प्रेरणेचे उपकारात रूपांतर होते. त्याविना ती सभ्य भाषेत सांगितलेली उचलच राहते.