सुरू केलेला धडा



गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर आपल्या धर्मग्रामातील कॉलेजची अकरा मुलेमुली दर शनिवारी सकाळी डोंगराकडच्या एका पाड्यावर जात होती. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत चार जुने लॅपटॉप घेऊन ती मुलांना संगणक शिकवीत. कल्पना त्यांचीच. मी फक्त गाडीचे डिझेल आणि आशीर्वाद दिला. पुढे परीक्षा आल्या, मग नाताळचा गोठा, आणि जाणे थांबले. सूचनाफलकावर फोटो लागले, मी प्रमाणपत्रांवर सह्या केल्या आणि अहवालात ‘उपक्रम यशस्वीरीत्या पार पडला’ असे लिहिले.

फेब्रुवारीत दुसऱ्याच कामासाठी त्या पाड्यावर गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने मला वही दाखवली. मधल्या दोन पानांवर पट्टीने चौकोन आखून तिने कीबोर्ड काढला होता. त्यावर ती रोज बोटे फिरवून सराव करीत होती. दोन अक्षरांच्या जागा चुकल्या होत्या. चार महिने तिचे बोट चुकीच्या जागी पडत होते आणि ते सांगायला कुणी नव्हते. “ताई कधी येणार?” तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

आपल्या मुलांकडून काही अन्याय झाला का? सेमिनरीत आम्ही शिकलो की ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. दान हे कुणाचे येणे नसते, म्हणून ते थांबवले तर कुणाचे काही बुडत नाही. ‘काहीच न करण्यापेक्षा चार महिने केले, हे काय थोडे?’ असे कुणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. पण भाकरी आणि धडा यांत फरक आहे. भाकरी खाल्ली की ते देणे पूर्ण झाले. धड्यात मात्र शिकणाऱ्याचेही भांडवल गुंतते: तिचा वेळ, तिची उमेद, वहीची ती दोन पाने. शब्द दिला नसला तरी आपण तिला वाट पाहायला लावली. आता ते तिचे येणे झाले आहे, असे मला वाटते.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. दुसऱ्याचे! आपल्या बायोडाटाचे नव्हे. (सही करणारा मीच, तेव्हा हा टोमणा आधी मला.)

मशीन नेले की काम झाले, हाही एक गैरसमज. २०२३च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. त्याच वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सरळ वाचता येत नव्हता. फोन घरात पोहोचला आहे. शेजारी बसून चुकलेले अक्षर दाखवणारा माणूस पोहोचलेला नाही.

इटलीतील फादर लोरेन्झो मिलानी यांना १९५४ साली फ्लोरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाच्या वस्तीवर पाठवले गेले. शाळेने नापास केलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी तेथे शाळा चालवली. मोठी मुले धाकट्यांना शिकवीत. १९६७ साली तेथील मुलांनी मिळून लिहिलेले ‘एका शिक्षिकेला पत्र’ प्रसिद्ध झाले आणि इटलीतील शिक्षणावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी फादर मिलानी ४४व्या वर्षी वारले. सुमारे तेरा वर्षे ते त्या एकाच वस्तीचे होऊन राहिले होते.

आपली मुले तेरा वर्षे जाऊ शकणार नाहीत. त्यांना नोकऱ्या शोधायच्या आहेत, आणि ते योग्यच आहे. पण पाच शाळांची यादी करण्याऐवजी एकच शाळा दोन वर्षे धरता येईल. तेथील आठवीची मुले आधी तयार करता येतील, म्हणजे आपली गाडी नाही आली तरी शनिवार चुकणार नाही. आणि ज्या दिवशी थांबायचे, तो दिवस मुलांना आधी सांगता येईल.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या हॉलमध्ये याविषयी बैठक आहे. पालकांनीही यावे. दोन मुली या शनिवारीच पाड्यावर जाणार आहेत, वहीतली ती दोन अक्षरे दुरुस्त करायला.

तुमचा,
धर्मगुरू