हातातली सुई

एखादं जुनं पुस्तक हातात घ्या. शिवण सैल झालेलं, पाठीचा पुठ्ठा सुटत आलेला. घरात असेलच: आजीची पोथी, शाळेतला शब्दकोश, कुणाची तरी पाककृतींची वही. ते उघडू नका. नुसतं मांडीवर ठेवा आणि त्याच्या पाठीवरून बोट फिरवा. खळ वाळून कडक झालेली जागा हाताला लागेल. दोरा तुटला असेल तिथे खाच लागेल. श्वास आपल्या चालीनं चालू दे. आज आपल्याला पुस्तकं बांधणाऱ्या एका माणसाजवळ जाऊन बसायचं आहे. घाई नाही.

मी डोंबिवलीत राहतो. ठाण्याला काम असलं की स्टेशनवरून टेंभी नाक्याकडे चालत जातो. तिथे सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्यावर बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर आहे. १८७९ साली बांधलेलं. त्याचं नाव शार हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. या नावामागे याकोबाची गोष्ट आहे. घर सोडून निघालेला हा तरुण रात्री उघड्यावर, दगड उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला आभाळाला टेकलेली शिडी दिसते. जाग आल्यावर त्याच्या ध्यानात येतं की आपण जिथे थकून आडवे झालो, तेच दार होतं. परमुलखातल्या त्या रात्रीचं नाव ठाण्यातल्या एका वास्तूला दिलेलं आहे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी रस्त्यातच उभा राहिलो होतो.

तुम्हीही इथे जरा थांबा. तुमच्या घरातलं असं पहिल्यांदा कोण निघालं होतं? ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा प्रश्न घरोघरी लागू पडतो. कुणाचे आजोबा मालवणहून आले, कुणाचे सांगोल्याहून, कुणाची आई लग्न होऊन चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आली. त्या माणसाचा चेहरा आठवा. फोटो नसेल तर हात आठवा. सामान किती होतं, ते मनात आणा. आणि मग हे पाहा की त्यानं ट्रंकेत न मावणारं काय काय बरोबर आणलं होतं.

बेने इस्राएलांच्या परंपरेत सगळ्याची सुरुवातच एका फुटलेल्या जहाजापासून होते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष आणि सात स्त्रिया जिवंत लागल्या, बाकीचे गेले. ग्रंथही समुद्रात गेले. जे उरले ते कोकणात राहिले, घाण्यावर तेल काढू लागले, मराठी बोलू लागले, गावावरून नावं पडली: केहिमकर, राजपूरकर, झिराडकर, दिवेकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हाताशी ग्रंथ नव्हता, शिकवणारा नव्हता. सुंता होती, शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याचा दिवस होता, आणि शेमा ही प्रार्थना तोंडपाठ होती. जन्माला, लग्नाला, मरणाला तीच एक. शेमा या शब्दाचा अर्थ आहे, ऐक.

हा शब्द मनात धरा. ऐक. आता बाहेरचा आवाज ऐका: कुकरची शिट्टी, रिक्षा, लांबून जाणारी लोकल. त्यातला एकही आवाज हटवू नका. पुस्तक गेल्यावर एखाद्या समाजाजवळ एवढाच शब्द शिल्लक राहिला आणि त्यावर कित्येक पिढ्या निघाल्या, ही गोष्ट त्या आवाजांच्या शेजारी ठेवा.

मग बाहेरून शिकवणारे येतात. त्यातलं पहिलं नाव डेव्हिड राहाबी. तो कधी आला यावर अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. त्यात आपण शिरू नये. पण त्याच्याबद्दल समाजात सांगतात ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. या शनवार तेल्यांचं मूळ पाहावं म्हणून त्यानं घरातल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. सगळी मिसळून. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी रांधायला घेतली, शिंगाळ्यासारखी बिनखवल्याची बाजूला काढली. काय खावं, काय खाऊ नये हे सांगणारा लेवीयाचा ग्रंथ त्यांनी वाचलेला नव्हता. त्यांना एवढंच ठाऊक होतं की हे आपण खात नाही. राहाबीची खात्री पटली. त्यानं तिघा तरुणांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले, आणि ते पुढे समाजाचे काझी झाले.

त्या टोपलीजवळ थोडा वेळ बसा. समोर विद्वान आहे, आयुष्यभर शास्त्र शिकलेला. आणि शास्त्र टोपलीपलीकडे बसलेल्या बाईच्या ओल्या बोटांत आहे. तिला परीक्षा चालली आहे हे माहीतही नसेल. जो विद्वान हे ओळखतो आणि पुढे त्याच घरात शिकवायला बसतो, त्याच्या मनाचा विचार करा. शिकवायला आलेल्या माणसाला आधी असं पाहता यावं लागतं.

आता आपण ज्याच्यासाठी निघालो तो माणूस.

शेलोमो सालेम शुर्राबी. कोचीनचा यहुदी, म्हणजे मलयाळम मुलखातला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून काही शिकलेली माणसं बेने इस्राएलांत शिकवायला, प्रार्थना चालवायला आली, त्यांतला हा एक. मुंबईत समाजाचं दुसरं सिनेगॉग नव्यानं उभं राहत होतं. शुर्राबी तिथला हझ्झान झाला, प्रार्थना म्हणणारा. पगार वर्षाला १०० रुपये. महिन्याचे करा: आठ रुपये, पाच आणे, चार पै. तेवढ्यात भागायचं नाही म्हणून तो पुस्तकं बांधायचं काम करी.

हाईम शमुएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात शुर्राबीबद्दल थोडक्याच ओळी आहेत. हा माणूस प्रार्थना म्हणे, प्रवचन करी, शास्त्राचा अर्थ सांगे, मुलांची सुंता करी, विधीप्रमाणे जनावर कापून देई. आणि बांधणीच्या कामात असताना समाजातलं कुणीही धर्मग्रंथातली अडचण घेऊन आलं, तर जराही अनमान न करता ती उलगडून सांगायला बसे. अशी सुमारे १८ वर्षं. १७ एप्रिल १८५६ रोजी तो वारला.

या ओळी मी अनेकदा वाचल्या आहेत. आपण त्यातल्या एकाच क्षणात जाऊ.

कल्पनेनंच जायचं आहे, तेव्हा सावकाश. खोलीत खळीचा आंबूस वास आहे. घड्या घातलेले फर्मे एकावर एक रचलेले आहेत. दाभणानं भोकं पाडून झाली आहेत. मेण लावलेला दोरा सुईत ओवलेला, आणि तो चौथा फर्मा तिसऱ्याला जोडतो आहे. हे काम मध्येच सोडण्यासारखं नसतं. दोऱ्याचा ताण गेला की शिवण सैल पडते, खळ उघडी राहिली की वाळते. काम नगावर आहे, आणि महिन्याचे आठ रुपये कधीच संपलेले आहेत. अशा वेळी दारात एक माणूस उभा राहतो. तेली असेल, सुतार असेल, पलटणीतला शिपाई असेल. त्याच्या मनात एक ओळ अडकली आहे.

शुर्राबी सुई खाली ठेवतो.

एवढंच पाहा. सुई खाली ठेवणारा हात पाहा. तो वैतागलेला नाही. परक्या भाषेतून आलेला हा माणूस मराठी ऐकतो, प्रश्न पुरता समजून घेतो, मग बोलतो. एका मिनिटाचा प्रश्न असेल किंवा तासाचा. तेवढ्या वेळात एक पुस्तक बांधायचं राहतं, आणि ते नुकसान त्याचंच असतं.

आता तुमच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे परत या. तुमच्यासाठी सुई खाली ठेवणारं कोण होतं? पोळ्या लाटताना गणित समजावणारी आई, दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून शब्दाचा अर्थ सांगणारे काका, शाळा सुटल्यावरही वर्गात बसून राहिलेल्या बाई. एकच माणूस निवडा. त्याच्या हातात तेव्हा काय होतं, ते आठवा. आठवेपर्यंत थांबा.

शुर्राबीला जे शास्त्र समजावून द्यायचं होतं, त्याचा मोठा आधार तालमूद. त्याचं छापील पान पाहिलंत तर नजर आधी गोंधळते. मधोमध मूळ मजकूर: इसवी सन २०० च्या सुमाराची मिश्ना ही नियमांची संहिता आणि तिच्यावर पुढच्या कित्येक पिढ्यांची चर्चा. आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी या पंडिताचं भाष्य, बाहेरच्या बाजूला त्याच्या नातवांच्या आणि शिष्यांच्या परंपरेतल्या शंका. व्हेनिसला १५२० नंतर सबंध तालमूद छापला गेला, तेव्हापासून पानाची ही ठेवण टिकली आहे. आपल्याकडे पूर्वपक्ष मांडून मग उत्तरपक्ष येतो, तसंच इथेही. हरलेल्याचं मतही पानावरून पुसत नाहीत. आणि वाद सुटलाच नाही तर शेवटी एक शब्द येतो, तेकू. राहू दे, तसाच उभा असू दे. शेकडो वर्षं तो प्रश्न तसाच उभा आहे आणि विद्यार्थी त्याच्याशी येऊन बसतात. एकट्यानं नाही, जोडीनं, मोठ्यानं वाचत. प्रश्न विचारणारा दारात येणं ही त्या विद्येची रीतच आहे. शुर्राबीला दारातला माणूस अडथळा वाटला नसावा, याचं कारण मला इथे दिसतं.

तुमच्या मनातही असा एक प्रश्न असेल, वर्षानुवर्षं न सुटलेला. त्याला आत्ता उत्तर शोधू नका. त्याच्या शेजारी बसा. तेकू.

शुर्राबी जाण्याच्या तीन वर्षं आधी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. समाज त्या रुळांवरूनही पसरला. मुंबईत जोसेफ यहेज्केल राजपूरकरांसारखे मराठीभाषक हिब्रू पंडित तयार झाले, प्रार्थना मराठीत आल्या. पुण्यात १८७४ साली वल्हांडणाच्या सणाला वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांतल्या बायका लुगड्यात आहेत, बिनखमिराची भाकरी लाटताहेत.

इथे एक दुःखाची गोष्ट आहे आणि ती टाळू नये. बेने इस्राएल इस्रायलला गेले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली. पूर्वजांना तालमुदातले काडीमोडाचे आणि दिराशी विवाहाचे नियम ठाऊक होते का, असा तो प्रश्न होता. वाडवडिलांचा शोध घ्या, मग लग्न लावा, असे आदेश निघाले. लोक रस्त्यावर उतरले, सत्याग्रहाला बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच असल्याचं ठरवलं. ग्रंथ तोच होता. राहाबीनं टोपली समोर ठेवली आणि तो पाहत बसला. इथे लोकांकडून वंशावळ मागितली गेली. माझं मन या दोन चित्रांमध्ये पुन्हा पुन्हा जातं. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्यापुढे कसं बसावं, हे मला ग्रंथापेक्षाही कठीण वाटतं, आणि त्या बांधणीवाल्यानं ते १८ वर्षं रोज केलं.

आज मुंबईच्या आसपास बेने इस्राएलांची मोठी वस्ती ठाण्यात आहे. शुक्रवारी संध्याकाळी, आपण सहा-बाराची डोंबिवली पकडायला धावत असतो तेव्हा, टेंभी नाक्यावर शब्बाथ सुरू होतो.

श्वासाकडे परत या. पुस्तक अजून मांडीवर आहे. आता ते उघडा, जिथे शिवण सुटली आहे त्या पानावर. सुटं पान अलगद उचला, कडा जुळवा, जागेवर ठेवा. नंतर दोरा आणा, सुई आणा, आणि खरंच शिवायला बसा. दोन टाके पडतील, तिसरा ओढायला घ्याल, तेवढ्यात घरातलं लहान मूल दारात येऊन उभं राहील. हातात वही असेल. सुई खाली ठेवा.